काठांनी दिलेली नावे

कल्याणहून ठाण्याकडे निघालेली धीमी लोकल दिवा स्थानक मागे टाकून मुंब्र्याच्या डोंगराच्या कडेने जाऊ लागली, की उजव्या बाजूच्या खिडक्यांतून जे रुंद, मातकट, भरतीच्या वेळी काठोकाठ आलेले आणि ओहोटीच्या वेळी चिखलाची दूरवर पसरलेली मैदाने उघडी टाकून मागे सरलेले पाणी दिसते, त्याचे नाव काय, असे डब्यातील चार प्रवाशांना विचारावे. उत्तरे बहुधा चार मिळतील. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी ज्याचे बालपण गेले तो त्या पाण्याला कल्याणची खाडी म्हणतो, मोठागावचा रहिवासी डोंबिवलीची खाडी म्हणतो, मुंब्र्याचा माणूस रेतीबंदराचे नाव घेतो आणि कळव्याच्या पुलावरून रोज ये-जा करणारा ती ठाण्याची खाडी असल्याचे निःशंकपणे सांगतो. तेच पाणी घोडबंदर ओलांडून पश्चिमेकडे गेले, की दक्षिण काठावर भाईंदरची खाडी आणि उत्तर काठावर वसईची खाडी होते. आणि शासकीय दप्तरात पाहावे तर ह्यातील बराचसा भाग उल्हास नदी म्हणून नोंदलेला आढळतो. ह्यांपैकी एकही उत्तर चुकीचे नाही. पाणी एक असून नावे अनेक का, ह्याचे कारण शोधू लागले म्हणजे ध्यानात येते, की ही नावे पाण्याच्या आकारावरून वा खोलीवरून पडलेली नाहीत. ज्या बंदरात जहाजे लागत, ज्या चौकीवर जकात भरावी लागे आणि ज्या कसब्याचा अंमल त्या जलमार्गावर चाले, त्याचे नाव पाण्याला मिळत गेले. ठाणे, कल्याण आणि मुंबई ह्यांच्यामधील ह्या जलाशयाचा भूगोल म्हणूनच त्याच्या काठच्या सत्तांच्या इतिहासापासून अलग करून सांगता येत नाही.

आधी प्रत्यक्ष भूगोल पाहू. बोरघाटाच्या परिसरात, राजमाचीच्या पायथ्याच्या दऱ्यांत उगम पावून उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर अशी उत्तरेकडे येते. कल्याणच्या आसमंतात भातसेचे पाणी घेऊन आलेली काळू तिला मिळते, आणि येथून पुढे नदी व समुद्र ह्यांची हद्द नेमकी कोठे आखावी हे सांगणे अवघड होऊन बसते, कारण भरतीचे खारे पाणी आत येते व पावसाळ्यातील पुराचे गोडे पाणी बाहेर लोटते, आणि त्या दोहोंच्या मधला हा पट्टा ऋतूप्रमाणे कधी नदी तर कधी समुद्र असतो. कल्याणहून डोंबिवली व मुंब्रा ह्यांच्या बाजूने नैऋत्येला येणारा हा प्रवाह पारसिकच्या डोंगराला अडून ठाण्याजवळ पोहोचतो. येथे त्याला दोन वाटा आहेत. मोठी वाट येऊरच्या डोंगरांच्या उत्तरेकडून, घोडबंदरवरून वायव्येस जाऊन वसईपाशी अरबी समुद्राला मिळते. दुसरी, अगदी अरुंद अशी, ठाणे आणि कळवा ह्यांच्या मधून दक्षिणेकडे उतरते आणि ऐरोली, वाशी, तुर्भे असे एकेक गाव मागे टाकीत क्रमाक्रमाने इतकी रुंद होत जाते, की शिवडीसमोर उभे राहिले असता पलीकडचा तीर धूसर दिसू लागतो. ठाण्यापासून मुंबई बंदरापर्यंतच्या ह्या सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या दक्षिण शाखेलाच नकाशाकारांनी ठाण्याची खाडी हे नाव कायम केले आहे. ह्या दोन शाखा आणि पश्चिमेचा समुद्र ह्यांनी वेढलेला भूभाग म्हणजे साष्टी; मुंबईचे उपनगर आणि ठाणे शहर हे दोन्ही एका बेटावर वसलेले आहेत, ही गोष्ट तेथील रहिवाशांच्याही सहसा ध्यानात राहत नाही.

भरतीचा विचार केला तर ह्या रचनेचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. समुद्र साष्टीला दोन्ही अंगांनी कवटाळतो: भरतीची एक लाट वसईच्या मुखातून आत शिरते, दुसरी मुंबई बंदरातून वर चढते, आणि दोघींची गाठ ठाण्याच्या परिसरात पडते. ज्या ठिकाणी दोन भरती समोरासमोर येतात तेथे पाण्याचा वेग मंदावतो आणि त्याने वाहून आणलेला गाळ खाली बसतो. ठाण्याच्या खाडीचा वरचा भाग इतका उथळ का, आणि तेथे तिवरांची राने इतकी दाट का माजली, ह्याचे एक कारण ह्या भेटीत आहे. कोळ्यांना हे गणित पुस्तकाविना अवगत होते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग ह्यांचा हिशेब त्यांच्या तोंडी असे. आणि तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते, हा कोकणातील आडाखा आजही वापरून पाहावा असा आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता! चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून तितकीच मागे पडते, हे खगोलशास्त्र त्या एका पाऊणकीत सामावलेले आहे.

शालेय भूगोलात आपण आखात, उपसागर आणि खाडी असे तीन शब्द शिकतो: खंबायतचे आखात, बंगालचा उपसागर, आणि खाडी म्हणजे भरतीचे पाणी जेथवर आत येते तो नदीच्या मुखाकडचा भाग. ह्या मापाने पाहता मुंबई एका बाजूस आणि उरण-पनवेल दुसऱ्या बाजूस अशी मधली विस्तीर्ण जलराशी म्हणजे एक लहानसा उपसागरच होय; घारापुरी, जवाहर द्वीप ह्यांसारखी बेटे त्याच्या पोटात आहेत, ठाण्याची, पनवेलची आणि धरमतरची अशा खाड्या त्यात येऊन मिळतात, आणि दक्षिणेकडे, जेथे तो खुल्या समुद्राला मिळतो, तेथे खांदेरी-उंदेरीची जोडी पहाऱ्याला उभी आहे. तरीही मराठीने त्याला उपसागर म्हटले नाही. आपण त्याला मुंबई बंदर म्हणतो, म्हणजे त्याच्या आकाराचे नव्हे तर त्याच्या उपयोगाचे नाव देतो. आणि पश्चिम हिंदुस्थानातील सर्वांत सुरक्षित नैसर्गिक आसऱ्याच्या बाबतीत हे मला अगदी रास्त वाटते.

हा आसरा कसा निर्माण झाला, ही कथा मनुष्यवस्तीहून फार जुनी आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या परमावधीच्या काळी, जगातील पाणी हिमरूपाने भूमीवर गोठून राहिले असता समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होती. तेव्हा येथे खाडी नव्हती, काळ्या कातळाच्या डोंगररांगांमधल्या दऱ्या होत्या. बर्फ वितळले, समुद्र वर चढला, दऱ्या भरल्या आणि डोंगरांचे माथे बेटे होऊन राहिले. घारापुरीला जाताना आपण वस्तुतः एका बुडालेल्या दरीवरून एका टेकडीच्या माथ्याकडे जात असतो. भूमीच्या अंतर्गत हालचालींनीही ह्या किनाऱ्याला आपल्या परीने खाली-वर केले आहे. १८७०च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असता चिखलाखाली, भरतीच्या पातळीखाली बऱ्याच खोल, मुळे जमिनीत रोवलेली खैराची झाडे सापडली, आणि जेथे जहाजे नांगरावयाची होती तेथे कोणे एके काळी कोरड्या भूमीवरचे अरण्य होते, ह्याचा पुरावा मजुरांच्या फावड्याखाली आला.

आता नावांकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या मार्गदर्शिकेत आपल्या किनाऱ्यावरील बंदरांची जी यादी आहे, तीत सोपाऱ्याच्या पाठोपाठ ‘कल्लिएना’ हे नाव येते. ते आपले कल्याण. पूर्वीच्या एका राजाच्या अमदानीत हे बंदर व्यापाराला विधिवत् मोकळे होते, परंतु पुढे सत्ता पालटल्यावर तेथे अडथळे येऊ लागले आणि चुकून तेथे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचकडे नेली जात, असे तो लिहितो. ह्या दोन वाक्यांत ह्या पाण्याच्या पुढल्या दोन हजार वर्षांची दिशा दिसते: बंदर एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे, व्यापार एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणकरांचे उल्लेख आहेत. त्या काळी ह्या जलमार्गाला कोणी स्वतंत्र नाव दिले असेल तर ते कल्याणचेच असावयास हवे, कारण सागरावरून येणाऱ्या नावेचे गंतव्य तेच होते.

मध्ययुगात मान ठाण्याकडे गेला. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळी श्रीस्थानक हे राजधानीचे नगर होते, आणि दहाव्या शतकाच्या आरंभी ह्या किनाऱ्यावर आलेल्या अल् मसूदीने सैमूर, सोपारा व ठाणे ही नगरे ज्या समुद्राच्या काठी वसली आहेत त्याला ‘लारवी’ समुद्र म्हटले आहे. लार म्हणजे लाट देश, दक्षिण गुजरात. ज्या प्रांताशी अरबांचा व्यापार जुना त्याचे नाव त्यांनी सबंध समुद्राला दिले. आज त्याच जलराशीला आपण अरबी समुद्र म्हणतो, म्हणजे पलीकडच्या काठाचे नाव घेतो. प्रत्येक काठाने दुसऱ्या काठाच्या नावाने समुद्र ओळखावा, हे मोठ्या जलाशयांच्या बाबतीत जगभर घडत आले आहे. आपली खाडीही त्याला अपवाद नाही, फक्त येथे काठ जवळजवळ आहेत म्हणून नावे दाटीने पडली.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी दुआर्ते बार्बोझा ह्या पोर्तुगिजाने ह्या ठिकाणाचे वर्णन करताना ‘ताना-मायांबू’ असे जोडनाव वापरले. ठाणे अग्रभागी आणि मुंबादेवीची मुंबई त्याच्या मागे! त्या काळी ह्या पाण्यावरचे मुख्य नगर कोणते होते हे ह्या एका जोडनावाने जितके स्पष्ट होते तितके पानेच्या पाने वर्णनानेही झाले नसते. म्हणूनच मुंबईचे नाव पोर्तुगिजांनी ‘बॉम बाईया’, म्हणजे उत्तम उपसागर, असे ठेवले आणि त्याचे पुढे बॉम्बे झाले, ही कथा मनाला कितीही भावली तरी स्वीकारता येत नाही. त्यांच्या भाषेत तो शब्द स्त्रीलिंगी असल्याने ते ‘बोआ बाईया’ म्हणाले असते, आणि ‘मायांबू’ हे रूप तर त्यांची सत्ता येथे येण्यापूर्वीच त्यांच्या कानी पडले होते. उपसागराने गावाला नाव दिले नाही. गावदेवीने गावाला आणि गावाने पाण्याला दिले.

१५३४च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई, साष्टी व मुंबई पोर्तुगिजांकडे आली, आणि उत्तरेकडील मुखावर वसईचे नाव कायमचे कोरले गेले. ह्या काळाचा ठसा केवळ चर्चच्या भिंतींवर नाही. तो जकातीच्या इतिहासात आहे. १६६१च्या विवाहकरारान्वये मुंबई इंग्रजांकडे गेली आणि १६६५ साली त्यांना तिचा प्रत्यक्ष ताबा मिळाला, परंतु ठाणे आणि करंजा येथील चौक्या पोर्तुगिजांकडेच राहिल्या. कल्याण-भिवंडीकडून मुंबईस जाणारे धान्य, लाकूड, गुरे ह्यांना ठाण्यावरून यावे लागे आणि तेथे जकात भरावी लागे. ह्या वसुलीविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. बेट ज्याचे, त्याच्या हाती बंदर आले. पण बंदराकडे येणारी वाट दुसऱ्याच्या हाती राहिली. ठाण्याजवळची ती अरुंद चिंचोळी वाट किती मोलाची होती हे ह्यावरून कळते.

त्याआधीच त्या वाटेचे महत्त्व दुसऱ्या एका पुरुषाने ओळखले होते. १६५७ साली कल्याण-भिवंडीचा मुलूख हाती येताच शिवाजी महाराजांनी दुर्गाडीची उभारणी केली आणि ह्याच खाडीत जहाजबांधणी आरंभिली. पोर्तुगीज कारागिरांचे कसब त्या कामी लावले गेले. मराठ्यांच्या आरमाराचा जन्म सिंधुदुर्गाच्या खवळलेल्या सागरावर झाला नाही, तर सह्याद्रीच्या सागाला जवळ असलेल्या आणि शत्रूच्या मोठ्या गलबतांना सहज न गाठता येणाऱ्या कल्याणच्या शांत पाण्यावर झाला, ह्याचे स्मरण कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक शाळेत मुलांना करून दिले पाहिजे असे मला मनापासून वाटते. पुढे १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली. १७७४ साली ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी जिंकला आणि १७८२च्या सालबाईच्या तहनाम्याने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. तो किल्ला, ज्याच्या तटाखालून सगळी नौकानयनाची वहिवाट चाले, आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे.

इंग्रजांनी नावे ठेवली ती आपल्या किल्ल्याच्या दृष्टीने. मुंबईच्या कोटातून पूर्वेकडे पाहिले की पुढचा उपसागर आणि पश्चिमेकडे पाहिले की पाठीमागचा. त्यातील पाठीमागचा ‘बॅक बे’ म्हणून आपल्या बोलण्यात राहिला, आणि पुढचा ‘फ्रंट बे’ मात्र गोद्या उठल्यावर आणि १८७३ साली बंदराचा कारभार पाहणारी पोर्ट ट्रस्ट स्थापन झाल्यावर ‘हार्बर’ ह्या नावात विरून गेला. लोकलच्या हार्बर मार्गाने रोज प्रवास करणाऱ्या लाखो लोकांच्या तोंडी त्या उपसागराचे नाव आहे, जरी पाणी त्यांना वाशीच्या पुलावरच काय ते दिसते.

खाडीवरच्या नौकानयनाला उतरती कळा लावली ती लोखंडी रुळांनी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली. १ मे १८५४ रोजी मार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला. ज्या मालाला वारा आणि भरती ह्यांची वाट पाहावी लागे तो आता घड्याळाच्या काट्यावर जाऊ लागला; शिवाय जहाजे मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी हवे होते, आणि डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांचा गाळ कल्याणच्या बंदराला दर पावसाळ्यात उथळ करीत होता. बंदरे अशी एकामागून एक निवर्तली. नावे तेवढी राहिली: बोरीबंदर, घोडबंदर, रेतीबंदर. अरबांशी घोड्यांचा व्यापार चाले म्हणून ज्याला घोडबंदर म्हणत, त्या नावाचा आता रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावरील इमारतींच्या जाहिरातींत खाडीचे दर्शन हे विक्रीचे कलम आहे.

परंतु खाडीवर जगणारी माणसे गेली नाहीत. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, त्याच्या शेजारचे महागिरी, समोरचे कळवा-विटावा, दिवा-डोंबिवलीकडची आगरी गावे ह्यांनी बोय, कोळंबी, चिंबोरी, निवट्या आणि भाग्य असेल त्या दिवशी जिताडा असा संसार ह्या चिखलावर केला. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांनी भरतीचे तेच पाणी उन्हात आटवून मीठ दिले. तिवर ह्या साऱ्याचे मूळ आहे. चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांनी श्वास घेणारे हे झाड खारे पाणी पिऊन अंगातले मीठ पानांवाटे बाहेर टाकते, त्याच्या मुळांच्या जाळीत माशांची पिल्ले वाढतात आणि त्याची गळालेली पाने चिंबोरीपासून कोळंबीपर्यंत सर्वांच्या अन्नसाखळीचा आरंभ होतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांची तोड आणि त्यांवरील भराव ह्यांना मनाई केली, ही ह्या प्रदेशावर झालेली मोठी कृपा होय. मात्र मनाईहुकूम झाडाला वाचवितो, पाण्याला नव्हे, आणि कोळीवाड्यांतील जाळ्यांत आज माशांबरोबर प्लास्टिकही येते.

नावांच्या इतिहासातील सर्वांत अलीकडचे पान आपल्या डोळ्यांदेखत लिहिले गेले. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत येथे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली ऐरोली व वाशी ह्या दोन पुलांच्या दरम्यानचे सुमारे १७ चौरस किलोमीटरचे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि २०२२ साली ठाणे खाडी ह्या नावाने ते रामसर पाणथळ स्थळांच्या जागतिक यादीत गेले. कल्याणचे नाव ग्रीकांच्या मार्गदर्शिकेत लिहिले गेले त्याला दोन हजार वर्षे होत आली असता ठाण्याचे नाव अशा रीतीने पुन्हा सातासमुद्रापलीकडच्या दप्तरात चढले, आणि ह्या वेळी ते कोणत्याही जकातीसाठी नव्हे, ह्याचा मला फार आनंद आहे. आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा असा अटल सेतू खुला झाला तेव्हा, ज्या पाण्यावरून तो जातो त्याला काहींनी समुद्र म्हटले, काहींनी मुंबई बंदर आणि काहींनी ठाण्याची खाडी. तिघेही बरोबर होते.

एक चिंता मात्र बोलून दाखविली पाहिजे. अभयारण्याची हद्द ऐरोलीला आखली गेली, पण ओहोटीला ती हद्द ठाऊक नाही. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे पाणी घेऊन येणारी वालधुनी कल्याणला मिळते तेथे त्या पाण्याला नदी म्हणतात, डोंबिवलीला खाडी म्हणतात आणि कळव्याखालून त्याचा काही अंश दक्षिणेस उतरला की त्यावर रोहितांचे थवे चरतात. नाव बदलले की खाते बदलते, खाते बदलले की जबाबदारी बदलते. नदीचे प्रदूषण एकाकडे, कांदळवनाचे रक्षण दुसऱ्याकडे, सांडपाणी प्रत्येक महापालिकेकडे स्वतंत्रपणे. काठांनी आपापल्या हौसेने आणि अधिकाराने दिलेली नावे एकेकाळी मालकी सांगण्यासाठी होती; आज तीच नावे मालकी नाकारण्याच्या कामी येत आहेत. सबंध पाण्याचा एकत्र उल्लेख करणारा एक कागद माझ्या पाहण्यात आहे, तो म्हणजे राष्ट्रीय जलमार्गांचा २०१६ सालचा कायदा. त्याच्या यादीत त्रेपन्नाव्या क्रमांकाला कल्याण, ठाणे, मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास नदी ह्यांचा एकच जलमार्ग म्हणून निर्देश आहे. नौकांसाठी जे एक मानले गेले ते सांडपाण्याच्या हिशेबातही एक धरावे, आणि कल्याणपासून शिवडीपर्यंतच्या महापालिकांनी त्या पाण्याची तपासणी एकत्र बसून, एकाच वहीत नोंदवावी, एवढी मागणी खाडीकाठच्या कोणत्याही गावचा नागरिक आज करू शकतो.